फलकावरचा ‘वैमानिक’ आणि कॅनबेराच्या नाकातला माणूस

मुंबईच्या एका उपनगरात भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांतल्या माणसांसाठी उभारायच्या स्मृतिफलकावर ‘शूर वैमानिकांस’ असे कोरावे की दुसरा एखादा शब्द शोधावा, यावर सध्या खल चालू आहे. वरवर हा वाद शुद्धलेखनाच्या जातीचा वाटतो. प्रत्यक्षात तो बॉम्बफेकी विमानातल्या दुसऱ्या माणसाचा आहे.

आरंभीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. महायुद्धानंतर कानपूरला मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर विमाने दुरुस्त करून १९४८ मध्ये हवाई दलाचे पहिले बॉम्बफेकी पथक उभे राहिले. १९५७ पासून कॅनबेरा जेट विमाने येऊ लागली आणि १९६१ मध्ये ती काँगोतील संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत व गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर वापरली गेली. लिबरेटरमध्ये बरीच माणसे असत. कॅनबेराच्या भारतीय बॉम्बफेकी आवृत्तीत मात्र दोघेच होते, आणि वादाचे मूळ या दोघांच्या बसण्याच्या जागांत आहे.

पायलट वर, काचेच्या घुमटाखाली बसे आणि त्याला उडी मारण्यासाठी इजेक्शन सीट होती. नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग आखणारा, खाली, विमानाच्या नाकात असे. नकाशाच्या छोट्या मेजाशी तो हिशेब करी आणि लक्ष्य जवळ आले की पुढच्या काचेपाशी पालथा पडून बॉम्ब सोडी. ताशी ७२० किलोमीटर वेगात पाच सेकंदांची चूक म्हणजे एक किलोमीटरचा फरक, तोही रात्री आणि जमिनीलगत. त्याला इजेक्शन सीट नव्हती; छातीला पॅराशूट अडकवून उजव्या बाजूच्या दारातून स्वतःला बाहेर लोटायचे, एवढीच सोय होती आणि कमी उंचीवर ती नसल्यासारखीच होती. खरेदीच्या वेळी ही रचना का पत्करली, यावर पुढे पुष्कळ बोलले गेले. ती पत्करायला नको होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सप्टेंबर १९६५ च्या युद्धात या रचनेची किंमत दिसली. १३ तारखेच्या रात्री कॅनबेरांनी थेट पेशावरच्या तळावर हल्ला केला. आग्र्याहून ते हवाई अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिथे रांगेत उभी असलेली शत्रूची बॉम्बफेकी विमाने वाचली, हे मान्य करूनही त्या उड्डाणाचे धाडस कमी होत नाही. २१ तारखेला बदीनच्या रडार केंद्रावर यशस्वी हल्ला झाला आणि त्याच रात्री दुसऱ्या एका मोहिमेवरचे कॅनबेरा पाकिस्तानी स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडले. पायलट बाहेर पडून युद्धकैदी झाला, नॅव्हिगेटर मरण पावला.

मुंबईच्या आठवणीत ही माणसे क्वचितच येतात. डिसेंबर १९७१ मध्ये ज्यांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले आणि गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवले, त्यांना कराची म्हटले की क्षेपणास्त्र नौका आठवतात. ४ डिसेंबरचा नौदल दिनही गेटवेपाशी दिमाखात साजरा होतो आणि ते योग्यच आहे. त्याच युद्धात कराचीच्या तेलटाक्यांवर कॅनबेरांनीही हल्ले केले, हे मात्र त्या दिमाखात बाजूला पडते.

आता त्या शब्दाकडे. संस्कृतात ‘वैमानिक’ म्हणजे विमानात बसून जाणारा, त्यामुळे त्यात दोघेही येतात, असे ‘वैमानिक’ ठेवू पाहणाऱ्यांचे म्हणणे आहे. व्युत्पत्ती बिनचूक असली तरी मराठी वर्तमानपत्रांनी हा शब्द ‘पायलट’साठी इतका रुळवला आहे की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घुमटाखालचा माणूसच येतो. ‘विमानदल’ म्हणावे तर आख्खी तुकडी वाटते आणि ‘चालकदल’ म्हणावे तर पुन्हा चालवणाराच पुढे सरकतो. हवाई दलातली माणसे सरळ ‘एअरक्रू’ म्हणतात, पण मराठी फलकावर तो शब्द काहींना खुपतो. शौर्यपदके व्यक्तीला दिली जातात आणि ती नॅव्हिगेटरांनाही मिळालेली आहेत. तरीही मोहीम सांगताना नाव पायलटचेच घेतले जाते. विमानाचा प्रमुख तो आणि अंतिम जबाबदारी त्याची, हा युक्तिवाद खोटा नाही, परंतु फलक जबाबदारीचा नसून धाडसाचा आहे.

शेवटचे कॅनबेरा ११ मे २००७ रोजी आग्र्याला सेवेतून निवृत्त झाले. उपनगरातला दगड आणून ठेवलेला आहे. त्यावर विमानाचे नाव आणि दोन युद्धांची साले कोरून झाली असून खालची एक ओळ अद्याप मोकळी आहे. तिथे ‘पायलट आणि नॅव्हिगेटर’ असे दोन्ही शब्द देवनागरीत मावतात, असे पाथरवटाने मोजून सांगितले आहे.