गाण्यापुढचा ‘ई’: एका चौकोनी शिक्क्याची पार्श्वभूमी

स्ट्रीमिंग अ‍ॅपवर गाण्याच्या नावाशेजारी कधी कधी छोटासा चौकोन दिसतो आणि त्यात इंग्रजी ‘ई’. हा ‘ई’ म्हणजे ‘एक्सप्लिसिट’. तो कुठलं सरकार लावत नाही, की कुठलं मंडळ आधी गाणं ऐकून ठरवत नाही. गाणं चढवणारी कंपनी किंवा वितरक माहिती भरताना स्वतःच तशी खूण करतो. गाण्यांतल्या शिव्या, लैंगिक वर्णनं आणि हिंसा यांना कायद्याने लगाम घालावा का, या वादात दोन्ही बाजू याच चौकोनाकडे बोट दाखवतात. एक बाजू म्हणते, व्यवस्था आहेच; दुसरी म्हणते, ही कसली व्यवस्था!

मराठीत या विषयावर लिहिताना पहिली ठेच शब्दाचीच लागते. ‘एक्सप्लिसिट’ला आपण सर्रास ‘अश्लील’ म्हणतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो. हा शिक्का अमेरिकेतला आणि तिथे तीन शब्द तीन वेगळ्या कप्प्यांत आहेत. पहिला ‘ऑब्सीन’. याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाही, त्याची विक्री गुन्हा ठरू शकते. १९७३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची कसोटी तीन प्रश्नांत बांधली. सर्वसामान्य माणसाला, त्याच्या समाजाच्या मापाने, अख्खी कृती कामवासना चाळवणारी वाटते का? कायद्यात नमूद केलेलं लैंगिक वर्तन ती उघडउघड किळसवाण्या रीतीने दाखवते का? आणि तिच्यात गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय वा वैज्ञानिक मूल्याचा अभाव आहे का? तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तरच कृती ऑब्सीन. या कसोटीत हिंसेचा उल्लेखही नाही. म्हणजे गाण्यांविरुद्धच्या निम्म्या तक्रारी या कप्प्यात बसतच नाहीत.

दुसरा शब्द ‘इंडीसेंट’, म्हणजे असभ्य. तो फक्त हवेतून घरात येणाऱ्या रेडिओ-दूरचित्रवाणीपुरता. १९७८ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालाने न्यायालयाने इथे सरकारला थोडा हात दिला, कारण हे प्रसारण न विचारता घरात शिरतं आणि मुलांच्या कानावर पडतं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत असभ्य प्रसारणावरची बंदी लागू नसते. तिसरा शब्द ‘एक्सप्लिसिट’. त्याला कायद्यात अशी कसोटी नाही. तो ध्वनिमुद्रण उद्योगाने स्वतःच्या मालासाठी वापरलेला शब्द आहे. या तिघांना एकाच ‘अश्लील’च्या पोत्यात भरून केलेली चर्चा पुढे सरकत नाही, हे मी ठामपणे म्हणतो.

मागचा इतिहास थोडक्यात. १८६८च्या एका इंग्रजी निकालाने ‘ज्यांची मनं अशा प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांना हे बिघडवेल का’ हा निकष दिला. त्याची सावली बरीच वर्षं पडली. जानेवारी १९५७ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीने एका रॉक गायकाला फक्त कंबरेच्या वर दाखवलं. १९६४च्या सुमारास तर केंद्रीय तपास यंत्रणेनेच एका रॉक गाण्याची चौकशी चालवली. गायकाचे शब्द कुणालाच धड कळत नव्हते आणि कळत नाहीत म्हणूनच ते घाण असणार, असा तक्रारदारांचा समज होता. प्रयोगशाळेत तबकडी वेगवेगळ्या गतीने फिरवून ऐकली गेली. निष्कर्ष असा, की कुठल्याही गतीवर शब्द समजत नाहीत.

आजच्या शिक्क्याचा धागा मात्र १९८५ मध्ये सापडतो. वॉशिंग्टनमधल्या वजनदार राजकारण्यांच्या पत्नींनी पालकांचा गट काढला, १५ आक्षेपार्ह गाण्यांची यादी केली आणि लैंगिकता, हिंसा, दारू-ड्रग्ज व जादूटोणा यांसाठी वेगवेगळी अक्षरं सुचवली. १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. समोर कुठलंही विधेयक नव्हतं. तीन संगीतकार विरोधात बोलले. एका हेवी मेटल गायकाच्या गाण्यात छळाची विकृत हौस आहे असा आरोप होता. त्याने सांगितलं, की ते गाणं गिटारवादकाच्या घशाच्या ऑपरेशनवर आहे. दुसऱ्या, सौम्य लोकगायकाने सांगितलं, की डोंगरांवरचं त्याचं गाणं नशेवर आहे असं समजून काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवलं नाही. हे दोन प्रसंग मला अख्ख्या सुनावणीपेक्षा बोलके वाटतात. तिसऱ्याने वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवलं: कोऱ्या कॅसेटींवर कर बसवावा ही कंपन्यांची मागणी त्याच काळात संसदेपुढे होती, म्हणून त्या शिक्क्याला होकार देतील, असा त्याचा रोख होता.

नोव्हेंबरमध्ये कंपन्या कबूल झाल्या: एकतर इशारा छापायचा, नाहीतर गाण्याचे बोल. याला ‘स्वेच्छा’ म्हणतात. पण पुढची पाच वर्षं पाहिली की ती किती ऐच्छिक होती ते कळतं. अनेक राज्यांत शिक्का सक्तीचा करणारी विधेयकं आली, १९९० मध्ये उद्योगाने एकसारखा काळा-पांढरा शिक्का जाहीर केला आणि बहुतेक विधेयकं मागे पडली. लुइझियानाच्या विधिमंडळाने कायदा मंजूर केला, तो राज्यपालांनी रोखला.

त्याच वर्षी फ्लोरिडात जे घडलं, ते नीट पाहायला हवं. ६ जून १९९० रोजी फोर्ट लॉडरडेलच्या केंद्रीय न्यायाधीशांनी एक रॅप अल्बम ऑब्सीन ठरवला. अमेरिकेत केंद्रीय न्यायालयाने ध्वनिमुद्रणाला असं ठरवण्याची ही पहिली वेळ. त्याच निकालात, दुकानदारांना दरडावून माल काढायला लावणाऱ्या शेरीफची (स्थानिक पोलीसप्रमुखाची) कृती घटनाबाह्य असल्याचंही म्हटलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. दोन दिवसांत एका दुकानदाराला अटक झाली. ज्यूरीने त्याला दोषी धरलं आणि १,००० डॉलर दंड झाला. फक्त प्रौढांसाठीच्या कार्यक्रमानंतर गायकांनाही पकडलं, पण ते ऑक्टोबरमध्ये निर्दोष सुटले. त्यांच्या खटल्यातला मुख्य पुरावा म्हणजे पोलिसांनी गुपचूप केलेलं, खरखरणारं रेकॉर्डिंग. बोल काय आहेत हे पोलिसांनाच साक्षीत ज्यूरीला समजावून सांगावं लागलं. ज्यूरींनी चक्क हसण्याची परवानगी मागितली.

मे १९९२ मध्ये अपील न्यायालयाने मूळ निकाल फिरवला. कारण साधं, पण मोलाचं होतं. शेरीफने पुरावा म्हणून केवळ कॅसेट दिली होती. संगीतकारांच्या बाजूने मात्र जाणकारांनी साक्ष देऊन अल्बमची कलात्मक बाजू मांडली होती. न्यायाधीशांनी स्वतः ऐकून ‘यात मूल्य नाही’ म्हणणं पुरेसं नाही, असं अपील न्यायालयाने सांगितलं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचं नाकारलं. वॉशिंग्टन राज्याने १९९२ मध्ये अल्पवयीनांना ‘कामुक’ संगीत विकण्यावर घातलेली बंदीही त्या राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयात १९९४ मध्ये कोसळली.

मग बाजारच नियामक झाला. मोठ्या दुकानसाखळीने शिक्का असलेले अल्बम ठेवायचं नाकारलं आणि कंपन्या शब्द गाळलेल्या ‘क्लीन’ आवृत्त्या काढू लागल्या. १९९६ मध्ये शिक्क्यावरच्या ‘लिरिक्स’ची जागा ‘कंटेंट’ने घेतली. पालकांची तक्रारही पोकळ नव्हती. २००० सालच्या सरकारी अहवालात तपासलेले शिक्काधारी ५५ च्या ५५ अल्बम १७ वर्षांखालच्या मुलांसमोर जाहिरातीतून ठेवले गेले होते. एकट्या दुकानात गेलेल्या १३ ते १६ वर्षांच्या मुलांना ८५ टक्के वेळा माल मिळाला. हा आकडा कायद्याच्या विरोधकांनी झाकू नये.

दरम्यान वाद लैंगिकतेकडून हिंसेकडे सरकला आणि दुकानातून पोलीस ठाण्यात गेला. २०१८ मध्ये लंडनच्या एका ड्रिल (रॅपचा एक प्रकार) गटाला न्यायालयाने आदेश दिला: व्हिडिओ टाकल्यावर २४ तासांत आणि कार्यक्रमाच्या ४८ तास आधी पोलिसांना कळवा. जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्याच दोघा ड्रिल गायकांना मनाई असलेलं गाणं मंचावर गायल्याबद्दल नऊ महिन्यांची, स्थगित ठेवलेली शिक्षा झाली. अमेरिकेत रॅपचे बोल फौजदारी खटल्यांत पुरावा म्हणून वाचले जाऊ लागले. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये त्यावर कायदा केला: गाण्याचे बोल पुरावा म्हणून घ्यायचे की नाही याचा फैसला ज्यूरीच्या कानाआड, आधीच व्हायला हवा.