वितळलेली स्लॅग अचानक का अडते : पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्युपोला, म्हणजे बीड वितळवायची भट्टी, चालवणाऱ्याला स्लॅगचं, म्हणजे राख आणि मळ वितळून बनलेल्या द्रवाचं, महत्त्व सांगावं लागत नाही. चुनखडी कमी पडली की स्लॅग चिकट होते, स्लॅग होल बुजतं आणि हवा नीट खेळत नाही. क्युपोलात निदान सळई घालून भोक मोकळं करता येतं. 30-40 बार दाबाखाली कोळशापासून गॅस बनवणाऱ्या गॅसिफायरमध्ये तीही सोय नाही. तळाचं भोक बुजलं की संच बंदच करावा लागतो.

सुरुवातीचे संच हा धोका टाळूनच बांधले गेले. 1920-30 च्या दशकांतल्या विंकलर आणि लुर्गी गॅसिफायरमध्ये राख वितळूच द्यायची नाही असं धोरण होतं. लुर्गीत त्यासाठी जादा वाफ सोडतात. कॉपर्स-टॉट्झेक पद्धतीने उलटा मार्ग धरला. कोळशाची भुकटी ऑक्सिजनमध्ये 1,500 अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर जाळायची आणि राख वितळवून खाली उतरवायची. तिथून प्रश्न बदलला. राख कधी वितळते यापेक्षा ती किती पातळ राहते हे महत्त्वाचं ठरलं. ढोबळ मर्यादा 250 पॉइजची (पॉइज हे चिकटपणाचं एकक). त्याहून घट्ट स्लॅग भरवशाने वाहत नाही.

अमेरिकेत निकोल्स आणि रीड यांनी 1940 च्या सुमारास कोळशाच्या स्लॅगची चिकटपणा मोजणी केली. थंड होताना स्लॅग काही काळ हळूहळू घट्ट होते, मग एका ठरावीक तापमानाखाली एकदम आळते. कारण स्फटिक. द्रवात अॅनॉर्थाइट किंवा मुलाइट या खनिजांचे कण धरू लागतात. काकवीत साखरेचे खडे धरावेत तसे. आकारमानाने 20 टक्के स्फटिक झाले तर चिकटपणा साधारण दुप्पट होतो आणि 40 टक्क्यांना सातपटीच्या घरात जातो. हा हिशेब गोल कणांचा. सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि आणखी लवकर अडवतात. शिवाय उरलेल्या द्रवाची घडणही बदलते. मुलाइट बाहेर पडलं तर अॅल्युमिना घटतो, पण सिलिका वाढते.

भारतीय कोळशात हे सगळं जास्त जाचतं. राख 30 ते 45 टक्के, तीही मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिनाची, चुना नाममात्र. रामागुंडम आणि तालचेरच्या खत कारखान्यांत 1980 च्या सुमारास कॉपर्स-टॉट्झेक संच सुरू झाले आणि 1999 मध्ये दोन्ही बंद पडले. कारणं अनेक होती, पण जास्त राखेचा कोळसा हे त्यातलं मोठं दुखणं होतं.

यावर उपाय चुनखडीचा. 100 किलो कोळशात 35 किलो राख धरली आणि स्लॅगमध्ये 20 टक्के चुना हवा असेल, तर जवळपास 16 किलो शुद्ध चुनखडी लागते. ती भाजून निघायलाही उष्णता खर्च होते. त्यात हात सैल सोडणं आमच्या मते सर्वांत वाईट: चुना जास्त झाला की स्लॅग गरम असताना छान पातळ दिसते, पण जरा तापमान उतरलं की गेहलेनाइट या चुनायुक्त खनिजाचे स्फटिक झपाट्याने धरतात आणि ती सावध व्हायला वेळच देत नाही. लोहाचंही तसंच. लोह ऑक्साइड स्लॅग पातळ ठेवतं, पण गॅसिफायरमधल्या ऑक्सिजन कमी असलेल्या वायूत त्याचं धातूत रूपांतर होऊन ते निघून गेलं की स्लॅग घट्ट होते. म्हणून हवेत केलेली चाचणी गॅसिफायरच्या आतल्या वायूला जशीच्या तशी लावू नये.

स्फटिकांना वेळ लागतो, हेही धरून चालावं. भराभर थंड करून मोजलेली स्लॅग ज्या तापमानाला वाहते, त्याच तापमानाला भिंतीवर तास न् तास बसलेला थर आळलेला असू शकतो. क्युपोलातलं स्लॅगचं जाड ढेकूळ फोडून पाहिलं की हे हातात दिसतं: बाहेरची साल काचेसारखी चकचकीत, आतला गाभा दगडासारखा मळकट. घडण एकच, फक्त गाभा सावकाश थंड झालेला. म्हणून नमुना घेताना सळईवर पातळ थरच घ्यावा आणि दरवेळी तो सारख्याच पद्धतीने थंड करावा. पातळ थरही मळकट निघाला, तर चुन्याचं प्रमाण आधी तपासावं.