देवाचा धाक आणि माणसाची माया

‘देवाचा धाक नसला तर माणूस कोणाच्या बापाला ऐकणार नाही,’ हे वाक्य वर्ध्याकडच्या कोणत्याही पारावर ऐकायला मिळतं. त्याच वर्ध्याजवळ सेवाग्रामला 1944 मध्ये आंध्रचे गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, गांधीजींना भेटायला आले. पक्के नास्तिक, आणि अस्पृश्यता मोडायला जिवाचं रान करणारे. त्यांच्या मुलीचं लग्न 1948 मध्ये दलित तरुणाशी सेवाग्राम आश्रमातच लागलं. विधीत देवाऐवजी सत्याचं नाव घ्यायला गांधीजींनी हयातीतच होकार दिला होता.

पण एका माणसावरून नियम ठरत नाही. 2006 मध्ये वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर एक साधा प्रसंग उभा केला. माणूस कपडे वाळत घालतोय, चिमटा खाली पडतो, त्याचा हात पोचत नाही. मूल दुडुदुडु जातं, चिमटा उचलून देतं. शाबासकी नाही, खाऊ नाही. त्याने मुद्दाम चिमटा फेकला, तर मात्र मुलं सहसा जागची हलत नाहीत. समोरच्याची अडचण ओळखणं देव कळायच्या आधीच आलेलं असतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

मोठ्यांचं काय? अमेरिका आणि कॅनडातल्या 1,252 जणांना मोबाइलवर दिवसातून अनेकदा विचारलं गेलं, आत्ता काही बरं-वाईट केलंत का? 2014 च्या या अभ्यासात धार्मिक आणि अधार्मिक लोकांच्या सत्कृत्यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हातून चूक झाली की अपराधीपणा मात्र धार्मिकांना जास्त बोचत होता.

आणि देवापुढे उभं राहिल्यावर अंगावर येतो म्हणतात, तो काटा? तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा जमाव स्तब्ध उभा राहतो. तिथे आस्तिक-नास्तिक कोणालाही भरून येईल. विराट काही समोर आलं की आपला ‘मी’ लहान होतो. कॅलिफोर्नियात उंच निलगिरीच्या झाडांकडे मिनिटभर पाहिलेल्यांनी, इमारतीकडे पाहिलेल्यांपेक्षा, अनोळखी माणसाची सांडलेली पेनं जास्त उचलून दिली. तिथे देवाचा विषयही नव्हता.

तरीही श्रद्धेचं काम नाकारता येत नाही. 2016 मध्ये आठ समाजांतल्या 591 जणांना नाणी वाटायला दिली. आपला देव सगळं पाहतो आणि शिक्षा करतो असं मानणाऱ्यांनी दूरच्या अनोळखी स्वधर्मीयांना जास्त नाणी दिली. परधर्मीयांचा वाटा मात्र त्या खेळात ठेवलेलाच नव्हता.