पिअर्क्स आणि पेक: १९१७ चा घोळ

यशवंत घाडगे-नामदेव जाधव या मराठी जवानांची नावं ऐकलेल्यांना व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक हे सांगायला नको. कॅनडाचा इतिहास वाचणाऱ्यांना जॉर्ज पिअर्क्सही माहीत असतात: पहिल्या महायुद्धातली बेल्जियममधली पॅशनडेलची लढाई, मग मेजर जनरल, १९४५ मध्ये खासदार, १९५७ मध्ये संरक्षणमंत्री, पुढे ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर (राजप्रतिनिधी). गोंधळ होतो तो सायरस पेक यांच्याशी. हेही ब्रिटिश कोलंबियातून निवडून आलेले आणि हेही व्हिक्टोरिया क्रॉसवाले. एकाचा जन्म इंग्लंडचा, दुसऱ्याचा कॅनडातल्याच न्यू ब्रन्सविकचा, ते सोडा.

खरी गोम १९१७ सालात आहे. ऑक्टोबरअखेर पॅशनडेलला, मांडीला जखम झालेली असतानाही पिअर्क्स आपल्या माणसांना घेऊन पुढे गेले. त्यांचा क्रॉस त्याबद्दलचा. त्याच वर्षी डिसेंबरात पेक स्कीना मतदारसंघातून खासदार झाले. या दोन गोष्टी एकाच्याच नावावर चढवल्या की झाली कथा तयार: पदक मिळालं, लोकांनी डोक्यावर घेतलं, दिलं निवडून! मला या साच्याचा मनस्वी कंटाळा आहे.

पेक यांच्या बाबतीत क्रम नेमका उलटा. सक्तीच्या सैन्यभरतीवरून पेटलेली ती निवडणूक ते पंतप्रधान बोर्डन यांच्या, भरतीच्या बाजूच्या युनियनिस्ट गटाकडून जिंकले, तेव्हा ते १६व्या बटालियनचे प्रमुख होते. निवडून आल्यावरही त्यांनी युद्धआघाडी सोडली नाही. २ सप्टेंबर १९१८ ला फ्रान्समध्ये कान्यिकूरजवळ उजवीकडच्या मशीनगनमुळे बटालियन अडली. सत्तेचाळीस वर्षांचे हे खासदारसाहेब स्वतः पुढे जाऊन टेहळणी करून आले, तुकड्या पुन्हा जुळवल्या आणि भडिमारात बाहेर पडून रणगाडे गाठून कुठे वळायचं ते सांगून आले. क्रॉस मिळाला तो याबद्दल.

पिअर्क्स मात्र पदकानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी, लष्कर सोडून राजकारणात आले.  

आणि पदकाच्या पुण्याईवर मतं पडतात असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस असताना लढवलेली १९२१ ची निवडणूक पेक हरले.