पार्श्वभूमी : एका खुणेत सगळा पक्ष, आणि मिशिगनची तीन सार्वमते

मतपत्रिकेच्या माथ्यावर एकच खूण करून पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय अमेरिकेत आता सहा राज्यांत उरली आहे: अलाबामा, इंडियाना, केंटकी, मिशिगन, ओक्लाहोमा आणि साउथ कॅरोलिना. ती काढून टाकण्याचा विषय कुठेही निघाला की मिशिगनचा दाखला दिला जातो, आणि दिला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात पक्षच आपापल्या मतपत्रिका छापून वाटत. सरकारी मतपत्रिका आली तेव्हा मॅसॅच्युसेट्सने पदवार नावे छापली, तर इंडियानाने १८८९ मध्ये प्रत्येक पक्षाला स्वतंत्र रकाना दिला. मिशिगनमध्ये एका खुणेची सोय १८९१ पासून आहे.

तिथली नोव्हेंबरची मतपत्रिका लांबलचक असते. राष्ट्राध्यक्षापासून विद्यापीठांच्या नियामक मंडळांपर्यंत आणि काउंटीतल्या नाल्यांची व्यवस्था बघणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत सगळे निवडून द्यायचे. पुण्यात चार सदस्यांच्या प्रभागात चारदा बटण दाबताना वैतागणाऱ्याने याचा अंदाज करावा. शिवाय ती एक खूण सगळीकडे पोचतही नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे उमेदवार पक्षांच्या अधिवेशनात ठरतात, पण मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष नसतो. तिथे वेगळी खूण करावी लागते.

विधिमंडळाने ही सोय १९६४ मध्ये रद्द केली. मतदारांनी सार्वमतात तो कायदाच फेटाळला. २००१ मध्ये पुन्हा रद्द केली. २००२ मध्ये सुमारे ६० टक्के मतदारांनी पुन्हा नाही म्हटले. दोन्ही वेळा विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचे होते. मतदाराने पक्ष नव्हे, माणूस पाहावा, बहुतेक राज्यांनी हेच केले आहे, हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

खरा वाद २०१५ च्या विधेयकाचा. त्यात मतदानाच्या साहित्यासाठी म्हणून ५० लाख डॉलरची तरतूद घातली गेली. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार सरकारी संस्थांसाठी खर्चाची तरतूद करणाऱ्या कायद्यावर मतदारांना सह्या गोळा करून सार्वमत मागता येत नाही. राज्याचा कारभार सह्यांच्या मोहिमेने अडू नये, हा त्यामागचा विचार. पण २००१ मध्ये, बंदूक परवान्यांच्या एका प्रकरणात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट अशी वाचली की कायद्यात तरतूद असली की पुरे. कायद्याचा मुख्य विषय काय, हे पाहायचे नाही. ती पळवाट इथे कामी आली. साहित्यच घ्यायचे होते तर अर्थसंकल्प होताच. दोनदा नकार दिलेल्या मतदारांना तिसऱ्यांदा विचारायचेच नव्हते, असाच याचा अर्थ निघतो. विधिमंडळाच्या प्रतिनिधिगृहाने हे विधेयक कारण न देता गैरहजेरीत मतदान करू देण्याच्या विधेयकाशी बांधले होते, म्हणजे ते झाले तरच हे लागू व्हावे. दुसऱ्या सभागृहाने, सिनेटने, ती गाठही सोडली. जानेवारी २०१६ मध्ये राज्यपालांची सही झाली.

जुलै २०१६ मध्ये संघीय न्यायाधीशाने कायदा रोखला. कृष्णवर्णीय वस्तीच्या शहरांत ही सोय जास्त वापरली जाते, ती गेली तर तिथल्या रांगा आणखी लांबतील, हे त्यामागचे कारण. वरच्या न्यायालयांनी ती स्थगिती उठवली नाही आणि नोव्हेंबर २०१६ ची निवडणूक जुन्याच पद्धतीने झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच न्यायाधीशाने कायदा रद्दबातल ठरवला, पण सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये मिशिगनकरांनी एकेका पदापुढे खूण करत मतदान केले, आणि त्याच मतपत्रिकेवर ही सोय घटनेत घालण्याचा प्रस्ताव सुमारे दोन-तृतीयांश मतांनी मंजूर केला. पन्नास लाखांची पळवाट कायद्याला सार्वमतापासून वाचवत होती, घटनादुरुस्तीपासून नाही. आता नुसते विधिमंडळातले साधे बहुमत ही सोय काढू शकत नाही.

इतरत्र हे सोपे गेले. टेक्सासने २०१७ मध्ये कायदा करून २०२० पासून ही खूण काढली; २०१८ च्या निवडणुकीत तिथल्या सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी ती वापरली होती. पेनसिल्व्हेनियात २०१९ मध्ये टपाली मतदान खुले करण्याच्या बदल्यात डेमोक्रॅट राज्यपालांनी ती सोडली. या दोन्ही राज्यांत सह्या गोळा करून कायदा सार्वमताला नेण्याचा अधिकार मतदारांना नाही. अलाबामा, इंडियाना आणि साउथ कॅरोलिनातही नाही. इंडियानाने तर २०१६ मध्येच काही बहुसदस्यीय स्थानिक पदे या एका खुणेतून वगळली आहेत.