अर्ध्या दृष्टीचं पुनर्वसन आणि पाच अंशांचा वाद

मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली की डोळे शाबूत असूनही दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं दिसेनासं होऊ शकतं. हे नीट समजलं ते युद्धांमुळे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात आणि नंतर पहिल्या महायुद्धात डोक्याला गोळी लागूनही अनेक सैनिक वाचले. जखम कुठे झाली आणि दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे नजर एका जागी रोखून जेवढं दिसतं त्याचा, कोणता भाग गेला, हे ताडून मेंदूतल्या दृष्टीचा नकाशा तयार झाला. जर्मनीत अशा जखमींकडून सरावही करून घेतला गेला.

खरी खडाजंगी झाली ती पुढे, १९९८ नंतर. संगणकासमोर रोज तासभर, सहा महिने, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या भागाच्या सीमेवर प्रकाशाचे ठिपके ओळखायचे; त्याने दृष्टिक्षेत्र सरासरी पाच अंशांनी वाढतं, असा दावा झाला. २००३ मध्ये अमेरिकेत हा सराव करून घेणाऱ्या उपकरणाला विक्रीची मुभा मिळाली. पण ती आधीच्या उपकरणाशी साधर्म्य दाखवून मिळते, नव्या औषधासारखी कसोटी लागत नाही. रुग्णांच्या घरच्यांनी मात्र त्यातून ‘गेलेली नजर परत येते’ असा अर्थ घेतला, आणि तो दुरुस्त करण्याची घाई कुणाला नव्हती. माझ्या मते चूक तिथेच झाली. कारण क्षेत्र मोजण्याच्या चाचणीत नजर आंधळ्या बाजूला किंचित सरकली, तरी क्षेत्र वाढल्याचं भासतं. २००५ मध्ये ठिपका थेट दृष्टिपटलावर पाडून, नजर कुठे रोखली आहे हे पाहत मोजणी झाली, तेव्हा सीमा जवळजवळ जागीच आढळली. समर्थकांनीही डोळ्यांच्या हालचाली मोजून उलट खुलासा दिला. वाद मिटला नाही.

दरम्यान साधा मार्ग मागे पडला: गेलेल्या बाजूला नजर मुद्दाम फेकायला शिकवणं. उजवी बाजू गेलेल्याला वाचताना पुढचा शब्दच दिसत नाही. डावी गेलेला ओळ संपवून परततो तो पुढच्या ओळीच्या मध्येच. त्याला डाव्या समासावर उभी पट्टी ठेवून ‘पट्टी दिसेपर्यंत मागे ये’ असं शिकवतात. यात क्षेत्र वाढत नाही. वाचन आणि चालणं सुधारू शकतं. चष्म्यावरचे प्रिझम आंधळ्या बाजूचं दृश्य दिसणाऱ्या बाजूला सरकवतात, पण त्यांनाही सराव लागतो.

मेंदूच्या इजेनंतर एका बाजूकडे लक्षच न जाणं हा वेगळा विकार. त्यात माणसाला काही हुकतंय हेच कळत नाही, म्हणून ‘तिकडे बघा’ एवढं सांगून भागत नाही. १९९८ मध्येच प्रिझम लावून हाताच्या नेमाचा थोडा वेळ सराव केल्यावर हे दुर्लक्ष कमी झाल्याचं दिसलं. तो फायदा किती टिकतो, यावर निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत.