तांबडा डाग : लाल मातीचा की बोअरच्या पाण्याचा?

आमच्या राजापूरकडे कपड्यावर तांबडा डाग दिसला की सगळ्यांच्या तोंडी एकच, "माती लागली असेल." खोटं नाही ते. इथे पायाखाली जांभाच आहे, पावसात अंगणसुद्धा तांबडं वाहतं. पण घराघरांत बोअर आल्यापासून दुसराच एक तांबडा डाग कपड्यांवर येऊ लागलाय, तो पाण्यातल्या लोखंडाचा. दोरीवर वाळत घातलेले दोन्ही डाग लांबून सारखेच दिसतात. उपाय मात्र अगदी वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर कपडा हातचा जातो.

माझ्या मुलाच्या शाळेच्या शर्टाचं हेच झालं. मशीनमधून काढला तर कॉलरपाशी तीन-चार विटकरी ठिपके. आदल्या दिवशी तो खेळताना पडला होता, म्हणून मी माती धरून चालले आणि शर्ट ब्लीचच्या पाण्यात टाकला. अर्ध्या तासाने पाहिलं तर ठिपके आधीपेक्षा गडद, आणि पाठीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, फिकट पिवळी झाक. मी अजून थोडं ब्लीच ओतलं. झाक वाढली. उन्हाळा होता, विहीर आटत आली होती आणि आठवडाभर मशीनला बोअरचं पाणी जोडलेलं होतं, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

दोन्ही डागांच्या मुळाशी लोखंडच आहे, घोटाळा होतो तो त्यामुळे. जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमजवळचा हा दगड पाहून, लॅटिनमधल्या 'वीट' या शब्दावरून हे नाव दिलं. हजारो पावसाळे खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन नेतात आणि मागे राहतं ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणजे मातीतलं लोखंड आधीच पुरतं गंजलेलं आहे. ते पाण्यात विरघळत नाही, धाग्यात शिरत नाही. मातीचा बारीक कण दोन धाग्यांच्या फटीत अडकून बसतो, एवढंच. मातीचा डाग म्हणजे कापडावर बसलेली धूळ, फार हट्टी असली तरी धूळच.

बोअरच्या पाण्यातलं लोखंड अजून गंजायचं असतं. खोल खडकात हवा नसते, तिथे ते पाण्यात विरघळलेलं असतं आणि दिसत नाही. मोटार सुरू केली की पाणी काचेसारखं स्वच्छ येतं. हवा लागली की गंज धरायला लागतो. सकाळी पांढऱ्या बादलीत भरून ठेवलेलं पाणी संध्याकाळी पिवळसर दिसतं आणि तळाला हात फिरवला की बोटाला तांबूस गाळ लागतो. आता मशीनमध्ये काय होतं पाहा : पाणी घुसळलं जातं, त्यात हवा मिसळते, डिटर्जंट पाणी अल्कधर्मी करतं आणि वर गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर उष्णताही मिळते. गंज लवकर धरायला हवं ते सगळं एका ड्रममध्ये जमतं. पाणी तोवर सुतात मुरलेलं असतं, म्हणून गंज सुताच्या आतच तयार होतो. ब्लीच म्हणजे तर गंज चढवणारंच औषध. राहिलेलं लोखंडही ते तिथेच गंजवून पक्कं करतं. ऑक्सिजन ब्लीचही इथे वापरू नका. लोखंड असलेल्या जागी त्याचा जोर एकवटतो आणि सुती कापड तेवढ्याच ठिकाणी जीर्ण होऊन बारीक भोकं पडतात.

यासाठी फार लोह लागत नाही. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांना आणि बेसिनला डाग पडतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शिकेत म्हटलंय. एकाच आवारातल्या विहिरीच्या पाण्याने डाग पडत नाही आणि बोअरच्या पाण्याने पडतो, याचं कारणही हवाच. उघड्या विहिरीत लोखंड आधीच गंजून तळाला बसलेलं असतं. पावसाळ्यात विहीर गढूळ होते ती मातीने, ते वेगळं. पाण्यावर रंगीत, तेलकट तवंग दिसला तर काडीने मोडून बघा. तेल असेल तर पुन्हा जुळून येतं. लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा असेल तर पापुद्र्यासारखे तुकडे होतात.

आता कपडा हातात घ्या. मातीच्या डागाला जागा असते : गुडघा, बसायची बाजू, पँटच्या खालच्या काठाचे शिंतोडे. उलट बाजूला तो फिका असतो आणि वाळल्यावर कापड कापडावर घासलं तर थोडी भुकटी पडते. लोखंडाचा डाग कुठेही येतो, कधीच मातीला न लागलेल्या उशीच्या अभ्र्यावरसुद्धा. दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि रंगाने विटेपेक्षा नारिंगी-पिवळ्याकडे झुकतो. कधी सगळा कपडाच एकसारखा पिवळट होतो, तेव्हा तर माती म्हणायला जागाच नाही. शंका राहिली तर डागावर लिंबाचे दोन थेंब पिळून दहा मिनिटं थांबा. लोखंड असेल तर तो फिकट होऊ लागतो, माती ढिम्म राहते. (आमटीचा डाग साबण लागताच लाल झाला तर ती हळद. ती उन्हात आपोआप उडते, तिच्यामागे लागू नका.)

मातीचा डाग ओला असताना चोळला की कण आणखी आत जातात, म्हणून आधी वाळू द्या. लावणीच्या दिवसांत दम निघत नाही हे मला माहीत आहे. चिखलणी करून माणसं घरी येतात आणि ओल्या कपड्यांचा ढीग पडवीत पडतो. तरी असे कपडे थेट मशीनमध्ये घालू नका. ओल्या चिखलाने जड झालेले चार-पाच कपडेसुद्धा स्पिनच्या वेळी मशीनला हादरे देतात, आणि वाळूचे खडे पंपात जाऊन बसतात. पाठच्या दारी, धुण्याच्या दगडापाशी, कपडा उलटा करून गार पाण्याच्या धारेखाली धरा, म्हणजे माती आली त्याच वाटेने बाहेर जाते. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ यायला लागलं की पावडरच्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि मग मशीनमध्ये टाका. मातीसाठी लिक्विडपेक्षा पावडर बरी, तिच्यातला सोडा चिकणमातीचे कण सुटे करतो आणि पुन्हा बसू देत नाही. एका धुण्यात गेला नाही तर दुसऱ्यात फिका होतो. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री मात्र फिरवू नका.

लोखंडाच्या डागाला साबणाचा काही उपयोग नाही, त्याला आंबट हवं. लिंबू आणि मीठ चोळून तासभर उन्हात ठेवायचं, मध्येमध्ये ओलं करायचं. किंवा सायट्रिक ॲसिडची पावडर, कपभर कोमट पाण्यात एक चमचा, आणि डाग पंधरा मिनिटं त्यात बुडवून ठेवायचा. ज्यांच्या परसात बिंबलाचं, म्हणजे काकडीसारख्या छोट्या आंबट फळाचं, झाड आहे त्यांनी दुकानात जाऊच नये. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते गंजाला धरून सोडवून आणतं. पिकलेलं बिंबल चिरून डागावर घासलं तर नारिंगी रंग डोळ्यांदेखत उतरतो. आमसुलानेही पितळ लखलखतं, पण कपड्याला ते लावू नका, त्याचा स्वतःचाच डाग पडतो. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीपाशी करून बघा, जरीला लावूच नका, आणि शेवटी दोन-तीन पाण्यांत नीट खळबळून घ्या. आंबट राहिलं तर सूत कमजोर होतं.

एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन : ब्लीच आणि आंबट कधीही एकत्र येऊ देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो, आणि आमच्याकडच्या न्हाणीघरांना खिडकी असते ती वीतभर. डोळे आणि घसा झोंबायला वेळ लागत नाही, दम्याच्या माणसाला तर त्याने जिवाशी गाठ. ब्लीचमधून काढलेल्या कपड्यावर लिंबू लावायचं असेल तर आधी तो भरपूर पाण्यात स्वच्छ धुवा. मशीनच्या ब्लीचच्या कप्प्यात सायट्रिक ॲसिड कधी टाकू नका.

बोअरचं पाणी वापरणं टळत नसेल तर ते रात्री टाकीत चढवून ठेवा. पाइप टाकीच्या तोंडाशी उंचावर सोडला तर पाणी पडताना हवा खातं आणि सकाळपर्यंत बराचसा गंज तळाला बसतो. मशीनला जाणारा नळ तळाच्या थोडा वर हवा. तळ महिन्याला उघडून वाहून द्या. मशीनच्या मागे, पाणी आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. नळ बंद करून, प्लग काढून ती पाहा. आमच्या जाळीवर दोन महिन्यांत ओल्या गेरूसारखा थर जमला होता, जुन्या टूथब्रशने निघाला. फ्रंट लोडमध्ये पुढे खालच्या बाजूला पंपाचा फिल्टर असतो, तोही प्लग काढूनच उघडायचा, आणि गरम पाण्याचं धुणं नुकतंच झालं असेल तर पाणी निवू द्यायचं. जाळीत तांबडा चिखल दिसला तर दोष पाण्याचा. फिल्टरमध्ये खडे आणि वाळू दिसली तर दोष आपण न झटकता टाकलेल्या कपड्यांचा.

आणि एकाच कपड्यावर दोन्ही असतील तर? लावणीची पँट बोअरच्या पाण्यात धुतली की हेच होतं. तिथे क्रम सांभाळा. आधी माती, गार पाणी आणि पावडर, तेही जमल्यास विहिरीच्या किंवा साठवलेल्या पाण्यात. ती निघाली की जे नारिंगी उरतं ते लोखंड, त्याला मग लिंबू. उलट केलं तर लिंबू मातीच्या थरावरच खर्ची पडतं आणि खालचा डाग तसाच राहतो. त्या पँटच्या गुडघ्यावर यंदा मी तसंच केलं. पहिल्या धुण्यात विटकरी रंग गेला आणि खालून एक पिवळी गोल कड दिसू लागली, जी चार वर्षं आम्ही माती समजत होतो. ती दोन बिंबलांत गेली.